ओवाळणीचा फोन घेऊन भोपाळला

आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी गिरणीतल्या गव्हाच्या दगडाला टाकी मारली. दळून दळून दगड गुळगुळीत होतो, पीठ गरम यायला लागतं, म्हणून दगड उतरवून छिन्नी-हातोडीनं त्याला पुन्हा दात काढावे लागतात. वीज गेलेली. लीलानं तिच्या फोनचा उजेड धरला आणि मी ठोकत बसलो.

"हात भरून आला माझा. आटपा लवकर."

"दुसऱ्या हातात घे."

"दोन्ही भरले."

"चाळीस वर्षं कंदील धरलास, तेव्हा नाही भरले?"

"तेव्हा तुमचा हात भराभर चालत होता," ती म्हणाली.

एवढंच बोलणं. मग तिनं उजेड बंद केला, पदर झटकला आणि भात टाकायला घरी गेली. दगड बसवायचं काम आम्ही उद्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. दगड तसाच पोत्यावर पडून राहिला.

आमच्या वाचनालयातले सर म्हणाले, भोपाळला जाऊन आलात तर लिहून द्या, लोक वाचतील. मी चौथी शिकलेला. पोत्यावर नाव घालण्यापुरतं लिहीत आलो. पण लिहितो, कारण एक तर भोपाळ आमच्या नरखेडच्या फार लोकांनी पाहिलेलं नाही, आणि दुसरं, परदेशी फोन घेणारे आता गल्लोगल्ली झाले आहेत. माझ्यासारखं कोणाचं होऊ नये.

आधी मी का गेलो ते सांगतो, नाहीतर म्हाताऱ्याला फिरायची हौस आली असं वाटेल.

गिरणी सुरू असली की फोनवर बोललेलं काही ऐकू येत नाही. म्हणून आमच्यात एक रीत होती. जेवण तयार झालं की साडेबाराच्या सुमारास लीला मला मिस कॉल द्यायची. फोन खिशात थरथरला की मी पट्टा उतरवायचा आणि घरी जायचं. मी तिला कधी फोन लावत नसे. लावायची गरजच नव्हती. त्या दिवशी मिस कॉल आला नाही. मी म्हटलं, उशीर झाला असेल. मग म्हटलं, फोनचं नेहमीचं दुखणं असेल, कारण त्या फोनला आमच्या स्वयंपाकघरात नेटवर्क कधी असायचं, कधी नसायचं. ज्वारीच्या दुसऱ्या दगडावर दळण चालू होतं. दोन वाजता घरी गेलो तर ती ओट्याजवळ पडलेली, आणि फोन तिच्या अंगाखाली, काच फुटून काळा पडलेला.

डॉक्टर म्हणाले, "क्षणात गेल्या, आजोबा. काही कळलंसुद्धा नसेल." डॉक्टर सगळ्यांनाच असं सांगतात. माझ्या डोक्यात एकच बसलं. तिनं मला फोन लावला असेल, आणि त्या फोननं तो लागू दिला नसेल.

आता तो फोन कोणाचा? तिच्या भावाचा, मधूचा. मधू भोपाळला असतो, तिथल्या मोठ्या कारखान्यात मशिनिस्ट होता, आता निवृत्त. मागच्या भाऊबीजेला आम्ही त्याच्याकडे गेलो होतो. लीलानं ओवाळलं आणि त्यानं ताटात हा फोन ठेवला. "ताई, बाहेरच्या देशातला माल आहे, इथं मिळत नाही." मी गहू घेताना दाणा दातांनी फोडून बघणारा माणूस. फोन हातात घेऊन उलटापालटा करायला लागलो तर लीलानं हातातून काढून घेतला. "ओवाळणीची पारख करतात का हो? ठेवा खाली." ठेवला. पुढं नेटवर्क जायला लागलं तेव्हा म्हटलं, मधूला सांगू, बदलून आणेल. तर म्हणाली, "भावानं दिलेलं परत करायचं? माझ्या तोंडानं मी सांगणार नाही, तुम्हीही सांगायचं नाही."

नाही सांगितलं. आणि ती गेल्यावर दोन महिने गिरणी बंद ठेवून मी हेच चघळत बसलो. मधू तेराव्याला आला होता, पण माझ्याकडे न बघताच परत गेला. नंतर त्याचा एक फोन नाही. मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. मग फोन फडक्यात गुंडाळला आणि निघालो. काच बदलून बघायचं, तिनं मला फोन लावला होता का. लावला असेल तर मधूला त्याच्या घरात, त्याच्या तोंडावर सांगायचं की तुझ्या ओवाळणीनं माझी बायको गेली.

गाडीत

नागपूरला दोन दुकानांत आधीच विचारून झालं होतं. दोघांनी फोन बघून हात वर केले. हे मॉडेल आपल्याकडे विकतच नाहीत, याची काच कुठून आणणार? जिथून घेतला तिथंच जा. पहिली गोष्ट इथंच लिहून ठेवतो. फोन कितीही सुंदर असो, घेण्याआधी आपल्या गावच्या दुरुस्तीवाल्याला विचारा की बाबा, याची काच तुझ्याकडे मिळेल का. तो मान हलवत असेल तर सोडून द्या.

पांढुर्ण्यापर्यंत संत्र्याच्या बागा सोबतीला असतात, पुढं सातपुड्याचा घाट. सागाची पानं गळून गेली होती, डोंगर दाढी केल्यासारखे दिसत होते. माझ्यासमोर बैतूलचं एक जोडपं बसलेलं. त्या बाईनं डबा उघडला आणि न विचारता माझ्या हातावर दोन पुऱ्या आणि लोणचं ठेवलं. नवरा म्हणाला, "खा काका, नाही म्हणाल तर दिवसभर बोलणी मला खावी लागतील." मी खाल्लं. बऱ्याच दिवसांनी कोणी हातावर काही ठेवलं होतं.

नर्मदेच्या पुलावर सगळ्या डब्यानं हात जोडले. मी नाही जोडले. खिडकीतून पाणी बघत बसलो. पाणी चांगलं होतं, त्याला काही बोल नाही. भांडण माझं वरच्याशी होतं.

इंद्रपुरी

स्टेशनवर मधू आला होता. पायाला हात लावला, पिशवी घेतली, आणि इंद्रपुरीपर्यंत रिक्षात तोंडातून शब्द नाही. रिक्षावाला मात्र बोलत होता. भोपाळचे रिक्षावाले प्रवाशाला नातेवाईक समजतात. "को खां, पहली बार आए हो?" 'को खां' म्हणजे 'काय हो'. मी म्हटलं नाही, सासुरवाड आहे. त्यावर तो मधूकडे वळून म्हणाला, "तो फिर जीजाजी को तालाब दिखा रिये हो कि नहीं?" मधू हसला नाही.

मधूचं घर कारखान्याच्या लोकांच्या वस्तीत. आजूबाजूला मराठी, बंगाली, मल्याळी, सगळे एका भोंग्यावर जगलेले. निवृत्त होऊनही सगळे सकाळी सातला अंघोळ करून तयार असतात, कुठं जायचं नसलं तरी. मधूची बायको कुसुम बोलकी. तिचं मराठी आता अर्धं हिंदी झालं आहे. "भाऊजी, किती वाळलात! दाल-बाफले केलेत, पेटभर खा. तूप लावू ना? लावतेच." बाफले म्हणजे कणकेचा गोळा आधी उकडायचा, मग भाजायचा आणि तुपात बुडवायचा. आमच्या पानग्यांचा श्रीमंत भाऊ म्हणा. बाफला हातानं मोडून बघितला. गव्हाचा रंग सोन्यासारखा.

"कुठला गहू?" मी विचारलं.

"शरबती. करोंदच्या मंडीतून आणते." मग कुसुम थांबली. "ताईंना फार आवडायचा. दरवेळी दहा किलो बांधून न्यायच्या."

जेवण झाल्यावर मी फडकं सोडलं आणि फोन मधूसमोर ठेवला. "याची काच बदलायची आहे. ज्या दुकानातून आणलास तिथं ने मला."

मधूनं फोन बघितला आणि चेहरा असा केला, जणू मी मेलेला पक्षीच ताटात ठेवला. "कशाला भाऊजी? नवा घेऊ ना. मी देतो."

"नवा नको. मला यात बघायचंय."

"काय बघायचंय?"

"बघितल्यावर सांगीन."

तो उठून बाहेर गेला. कुसुम भांडी आवाज न करता गोळा करायला लागली. मला वाटलं, धरला चोर.

न्यू मार्केटच्या मागची गल्ली

दुकान एवढंसं. पुढं काउंटरवर मालक, मागं टेबलावर दिवा आणि भिंग लावून बसलेली एक पन्नाशीची बाई. मालकाची मोठी बहीण. सगळी गल्ली तिला सायरा आपा म्हणते. मालक विकतो आणि आपा दुरुस्त करते. असं दुकान मला आवडतं, निदान खोटं बोललेलं घरातच निस्तरावं लागतं.

आपानं फोन हातात घेतला, बाजूची बटणं दाबली, कानाशी नेला, खालच्या भोकात तार घातली. मग म्हणाली, "फोन ज़िंदा है चचा। सिर्फ़ शीशा गया है। चार्ज किसी ने किया ही नहीं।" दोन महिने आम्ही त्याला मेलेला समजून कपाटात ठेवला होता! या मॉडेलचा एक मोडका फोन तिच्या घरी पडला होता, त्याची काच काढून ती याला लावणार होती. "कल दोपहर आओ।"

"इसका नेटवर्क कल अपने आप बंद क्यों होता था?" मी माझ्या हिंदीत विचारलं. मधू म्हणाला, "भाऊजी, 'कल' नाही, 'कभी-कभी'."

"त्यांना कळलं म्हणजे झालं."

आपा हसली. तिनं जे सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. प्रत्येक देशात फोनची हवेतली वाट वेगळी. आपल्याकडची कंपनी चार वाटांनी आवाज पाठवते समजा, आणि हा फोन ज्या देशासाठी बनवला तिथं त्यातल्या दोनच चालतात. बाहेर मोकळ्यावर चालेल. जाड भिंतीच्या स्वयंपाकघरात जी वाट पोचते, नेमकी तीच याला ऐकू येत नाही. मी मधूकडे बघितलं. तो भिंतीवरची फोनची कव्हरं मोजत असल्यासारखा उभा होता.

तेवढ्यात एक बाई आल्या, मुलीच्या लग्नात द्यायला फोन घ्यायचा म्हणून. मालकानं काचेखालून एक चकचकीत काढला. अमेरिकेतून आलेला, डबा सीलबंद. बाई खूश. मला राहवलं नाही.

"बहनजी, इसमें सिम किधर डालना?"

त्यांनी चारही बाजू बघितल्या. सिम घालायची खाचच नव्हती. मालक म्हणाला, "इसमें सिम लगता नहीं, अंदर ही अंदर चालू होता है। कंपनी में जाके चालू कराना पड़ता है।"

"आणि हे तुम्ही विकल्यावर सांगणार होता?" मी मराठीतच विचारलं. त्याला बरोबर समजलं.

"अमां बुज़ुर्ग, ग्राहक भगा रिये हो!"

"सही कह रिये हैं," मागून आपा म्हणाली, भिंगातून डोळा न काढता. "तू चुप रह।" मग तिनंच त्या बाईंना बसवलं आणि सगळं सांगितलं, आणि मी कान देऊन ऐकलं. आपलं स्वतःचं सिम घालून दुकानातच फोन लावायचा, आत उभं राहून एकदा आणि रस्त्यावर जाऊन एकदा. एखाद्या देशात फोन एकाच कंपनीला बांधून विकतात, त्यात दुसऱ्याचं सिम चालतच नाही, तेही तिथंच कळतं. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की लांब नंबर येतो, तो डब्यावरच्या नंबराशी आकडा-आकडा लावून बघायचा. जुळला नाही तर डबा एकाचा आणि फोन दुसऱ्याचा. गॅरंटी कुठल्या देशातली ते विचारायचं, कारण गॅरंटी परदेशातली असेल तर तिचा उपयोग विमानाचं तिकीट काढणाऱ्यालाच. चार्जरची पिन आपल्या भिंतीत बसते का. आपली भाषा लिहिता येते का. आणि पक्कं बिल घ्यायचं, ज्यावर तोच नंबर असेल.

बाईंनी दुसरा फोन घेतला. इथलाच. मालक माझ्याकडे बघून म्हणाला, "कल मत आना।" पण चहा त्यानंच मागवला.

त्या चहाची गंमत. एक घोट घेतला आणि खाली ठेवला. चहात मीठ! मला वाटलं, त्यानं रागानं टाकलं. मी म्हटलं, "नमक गिर गया।" सगळं दुकान हसलं. भोपाळात चहात मीठ मुद्दाम घालतात. आमच्याकडे कोणी असा चहा दिला तर जावई रुसून जाईल. पण दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. वाईट नव्हता. मधूही हसला होता, आणि माझ्याकडे लक्ष जाताच गप्प झाला.

करोंद

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वेळ होता. कुसुम म्हणाली, "भाऊजींना मंडी दाखवून आणा, घरात नुसते एकमेकांचे मुँह बघत बसता." आधी नाक्यावर पोहे-जिलेबी खाल्ली. आमच्या नागपूरकडचे पोहे तर्रीत बुडवून डोळ्यांतून पाणी काढतात. इथले वर शेव, बडीशेप, आणि सोबत जिलेबी. पोह्यांचा घास, जिलेबीचा तुकडा. भांडण आणि समेट एकाच पत्रावळीवर.

करोंदची मंडी बघून जीव हरखला, खोटं कशाला बोलू. गव्हाचे ढीग, त्यावर कबुतरं, आणि हवेत ती धूळ, जी आमच्या फुप्फुसात जन्माची बसलेली. व्यापारी हातात एक पोकळ टोकदार नळी घेऊन फिरतात. पोत्यात खुपसली की थेट मधला गहू नळीतून हातात येतो. तिला परखी म्हणतात. वरचा दाणा चांगला ठेवून आत भेसळ करणारे सगळीकडेच असतात, म्हणून वरचं बघायचंच नाही. मी एका पोत्यातला दाणा घेतला आणि दाताखाली धरला. कट्‌कन मोडला. शरबतीच. व्यापारी म्हणाला, "दाँत सलामत हैं चाचा के।"

"माल बघायला दोन पुरतात," मी म्हटलं.

मग मधूकडे वळलो. तिथं त्या ढिगाजवळच बोललो, घरात बोलवेना. "मधू, पोतं घेताना लोक परखी मारतात. तुझ्या फोनला मी मारली नाही. तुझी ताई म्हणाली, ओवाळणीची पारख करायची नाही. मला आज एवढंच बघायचंय, तिनं शेवटच्या वेळी मला फोन लावला होता का आणि तो लागला नाही का. असं झालं असेल तर तुझ्याकडे माझं हे शेवटचं येणं."

मला वाटलं होतं, तो उसळेल. तो बसला. गव्हाच्या पोत्यावर बसला आणि म्हणाला, "मला माहीत होतं, तुम्ही यासाठीच आलात. चला."

पुन्हा दुकानात

फोन नव्या काचेत उजळलेला टेबलावर होता. मागं चित्र होतं आमच्या दारातल्या तुळशीचं. लीलानं काढलेलं, वाकडं. कुलूप तिनं कधी लावलंच नव्हतं. म्हणायची, माझ्या फोनमध्ये चोराला काय, वांग्याचं भरीत मिळणार? तिचं सिम आता बंद पडलेलं, म्हणून आपानं माझं सिम त्यात घातलं. मग विचारलं, "क्या देखना है चचा?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, मिस कॉलची रीत, ओटा, दोन वाजले ते. आपानं भिंग बाजूला केलं आणि फोनांची यादी उघडली.

यादी खालून वर सरकवत आणली. "गिरणी". तिनं माझं नाव असंच लिहिलं होतं. गिरणी, साडेबारा. गिरणी, बारा अठ्ठावीस. गिरणी, बारा एकतीस. रोजचा एक. पानं सरकत होती आणि तेच नाव, तीच वेळ, जेवायला या, जेवायला या. मधूनं तोंड फिरवलं. मीही चष्मा पुसला.

मग तो दिवस आला. सकाळी आठला दूधवाल्याला एक फोन. त्यानंतर तिच्याकडून एकही नाही. गिरणी नाही. कोणीच नाही.

"उन्होंने किसी को लगाया ही नहीं," आपा म्हणाली.

"नेटवर्क नसेल. लावला असेल आणि लागला नसेल."

"नेटवर्क न हो, तब भी बटन दबाया तो यहाँ लिखा आता है।"

आता मी कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा सोडला होता. म्हटलं, "दिखाओ." आपाला राग आला नाही. ती उठली, फोन घेऊन दुकानामागच्या जाड भिंतीच्या कोठीत गेली, मी मागोमाग. तिथं या फोनच्या डोक्यावरच्या नेटवर्कच्या काड्या एकेक करून विझल्या. तिनं फोन माझ्या हातात दिला. "आप ही लगाओ।" मी मधूला लावला. लागला नाही. पुन्हा लावला. नाही लागला. यादी उघडली. दोन्ही वेळा तिथं लिहिलेलं होतं. मधू, मधू. न लागलेले.

म्हणजे परखी आतपर्यंत गेली होती आणि आतला दाणा निघाला होता. तिनं फोन लावलाच नव्हता. मला हाक मारायला तिला वेळच मिळाला नव्हता. हाक मारली आणि मी पोचलो नाही, असं झालं नव्हतं. डॉक्टर खरं बोलला होता, गाढव मी होतो. मी तिथंच, डब्यांच्या ढिगावर बसलो. छातीवर कोणी क्विंटलाचं पोतं ठेवलं होतं ते उचललं, तर आधी दुखतंच. तसं झालं.

बाहेर आलो तर आपानं पुन्हा यादी बघितली. "चचा, उस दिन एक आया हुआ है। बारह बीस। मधू का। उठाया नहीं।"

मी मधूकडे बघितलं. मालकही हातातलं काम ठेवून बघायला लागला.

"मी केला होता," मधू म्हणाला. "भाऊजी, मीच केला होता. संक्रांतीला येतेस का विचारायला. वाजत राहिला. मी म्हटलं, कामात असेल. पुन्हा लावला नाही. आणि दोन तासांनी तुमचा फोन." त्यानं काउंटर धरला. "दोन महिने मला हेच वाटतंय, ती माझा फोन घ्यायला धावली आणि पडली. म्हणून तुमच्याकडे बघवत नव्हतं. म्हणून फोन केला नाही. तुम्ही हा फोन उघडू नये असं वाटत होतं मला."

घ्या. मी त्याला चोर समजत होतो आणि तो स्वतःला खुनी समजत होता. दोघं एकाच फोनच्या दोन बाजूंना बसून.

"मधू, इकडे बघ," मी म्हटलं. "मी घरात गेलो तेव्हा परातीत पीठ कोरडं होतं. शेजारी पाण्याचा तांब्या भरलेला, तसाच. तुझी ताई कणीक कधी भिजवायची?"

त्यानं मान वर केली.

"साडेअकराला. घड्याळ चुकेल, ती चुकायची नाही. अर्धा तास मुरवल्याशिवाय पोळीला हात लावायची नाही. पीठ कोरडं होतं, म्हणजे ती साडेअकराच्या आतच गेली. फोन कमरेला खोचलेला होता, हातात नव्हता. तुझा फोन बारा वीसचा. पाऊण तास उलटून गेला होता बाबा. कोणी धावलं नाही. तो नुसता वाजला."

"नक्की?"

"पिठातलं मला कळतं. बाकी काही कळत नाही, पण पीठ कळतं."

मधू साठीचा माणूस, मोठ्या कारखान्यात जन्म काढलेला, भर बाजारात काउंटरवर डोकं टेकून रडला. मालकानं शटर अर्धं खाली ओढलं, लोकांनी बघू नये म्हणून. आपानं पाणी दिलं. मग मालक मला म्हणाला, "चाय मँगाऊँ? बिना नमक की?"

"नमकवाली," मी म्हटलं.

मोठा तलाव

त्या संध्याकाळी मधूनं मला तलाव दाखवला. रिक्षावाल्याचं ऐकलं म्हणायचं. तलाव कसला, पलीकडचा काठ शोधावा लागतो. आम्ही भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या आणि लीलाच्या तक्रारी केल्या. ती किती हट्टी, मधूला लहानपणी कशी चापट मारायची, भरीत करताना हिरव्या मिरच्या कशा मोजायची नाही. मधू म्हणाला, "भाऊजी, फोन खराबच होता. मी बघून घ्यायला हवा होता."

"होता खराब," मी म्हटलं. "ते तुला बोलणारच. पण त्यानं तिला मारलं नाही. तेवढं त्याचं पाप कमी झालं."

"पुढच्या भाऊबीजेला..." तो बोलायला लागला आणि थांबला.

"पुढच्या भाऊबीजेला मी येईन. ओवाळणार कोणी नाही, पण कुसुमचे बाफले आहेत. आणि काही द्यायचं असेल तर आधी मला दाखव. मी तपासून घेईन. देणाऱ्याचा अपमान होत नाही, हे मला आता कळलं. न तपासलेलं दिलं की देणारा आणि घेणारा दोघंही त्याखाली दबतात."

वाचणाऱ्यांनाही हेच सांगतो. बायकोला द्या, बहिणीला द्या, मुलीला द्या, पण आधी आपलं सिम घाला, आणि ज्या खोलीत ती दिवसभर असते त्या खोलीत तो वाजतो का बघा. हौस त्यानंतर.

परत

कुसुमनं दहा किलो शरबती बांधून दिला. मी नको म्हणालो नाही. येताना समोर कोण बसलं होतं, विचारू नका. भोपाळ सुटलं आणि मला झोप लागली. दोन महिन्यांत अशी लागली नव्हती. नर्मदा कधी गेली कळलंच नाही. आमल्याला चहावाल्याच्या आवाजानं जाग आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणी उघडली. जाळी झाली होती, ती काढली. दगड बसवायला दुसरा माणूस लागतो, आत उजेड धरायला. मी लीलाच्या फोनचा उजेड लावला, फोन शरबतीच्या पोत्यावर टेकवून उभा केला आणि दगड चढवला. एकदा उजेड घसरला, पुन्हा नीट लावला. हात भरल्याची तक्रार कोणी केली नाही. टाकी मारलेल्या दगडातून पहिलं पीठ कचकच येतं, म्हणून आधी पसाभर किडका गहू घातला, ते पीठ गाईसाठी काढून ठेवलं. मग शरबती ओतला. पीठ आलं तसं चिमटीत धरून बघितलं. गार होतं.

दोन किलो पिशवीत भरलं, घरी नेलं, आणि साडेअकराला कणीक भिजवली.